पाय वर घ्या, अण्णा

बसचा क्लच जड असतो, हे मला आधी किमान वीस जणांनी सांगितलं होतं. त्यातल्या एकोणीस जणांनी आयुष्यात बस चालवलेली नव्हती. भाऊ म्हणाला, गुडघा कामातून जाईल. नवरा काहीच बोलला नाही, पण दुसऱ्या दिवशी गुडघ्याला चोळायच्या तेलाची बाटली आणून कपाटात ठेवली. मला ते बोलण्यापेक्षा जास्त लागलं.

मी काही नवखी नव्हते. सात वर्षं इलेक्ट्रॉनिक सिटीतल्या एका कंपनीची कॅब चालवत होते. सकाळी इंदिरानगरातून मुलींना उचलायचं, ऑफिसात सोडायचं, संध्याकाळी परत. आमची मराठी घरं बेंगळुरात कित्येक पिढ्यांची. बायका बँकेत आहेत, शाळेत आहेत, सरकारी कचेरीत आहेत, पण 'ड्रायव्हर' हा शब्द आमच्यात बाईला कुणी लावत नाही. मी काय करते असं कुणी विचारलं की सासरची माणसं सांगत, "ट्रान्सपोर्टला असते." सात वर्षं मी ट्रान्सपोर्टला होते.

मग व्हाइटफील्डच्या एका शाळेला बसवर बाई ड्रायव्हर हवी आहे असं कळलं. मी जाऊन भेटले. तिथल्या मॅडम म्हणाल्या, शाळा उघडायच्या आत मोठ्या गाडीचं लायसन्स आणा, एक बस तुमची. मला ती बस हवी होती. घराला हातभार वगैरे कारणं सांगता येतील, पण खरं म्हणजे हौस होती. उंचावर बसायचं, ते एवढं मोठं स्टिअरिंग दोन्ही हातांनी फिरवायचं, मागे चाळीस मुलांचा कलकलाट, आणि विचारलं कुणी तर सांगायचं, बस चालवते.

ट्रेनिंग स्कूलमध्ये शिकवणारे अण्णा आमच्याच समाजातले निघाले. पन्नाशी ओलांडलेले, कपाळाला गंध, अंगात खाकी शर्ट, कायम स्वच्छ इस्त्री केलेला. मला बघून म्हणाले, "आपल्या घरातली बाई शिकायला आली, बरं झालं की, अक्का." आम्ही सहा जण होतो, पाच पुरुष आणि मी. स्कूलची बस जुनी होती. पुढे ड्रायव्हरच्या डाव्या हाताला अण्णांसाठी एक जादा सीट बसवलेली, आणि तिच्या पायाशी अण्णांचा वेगळा क्लच आणि वेगळा ब्रेक. शिकणाऱ्याने घोळ घातला तर त्यांनी गाडी सावरावी, यासाठी. एकाने चालवायची, बाकीच्यांनी मागे बसून नंबराची वाट बघायची.

पहिल्या दिवशी मी जीव मुठीत धरून क्लचवर पाय ठेवला, आणि तो अलगद खाली गेला. जड कसला, माझ्या कॅबच्या क्लचपेक्षा हलका. गाडी पहिल्याच झटक्यात निघाली. अण्णा म्हणाले, "बघा, हात चांगला आहे तुमचा." त्यानंतर पंधरा-सोळा दिवस माझी गाडी एकदाही बंद पडली नाही. चढावर थांबवून पुन्हा काढा म्हटलं तर काढली, सिग्नलला लोण्यासारखी थांबवली. घरी जाऊन मी ती तेलाची बाटली नवऱ्याच्या पुढ्यात ठेवली आणि म्हटलं, तुमच्या गुडघ्याला लावा. नात्यातल्या एका मुंजीत पंगतीच्या मधोमध उभी राहून सगळ्या बायकांना सांगितलं, क्लच जड असतो ही पुरुषांनी उठवलेली अफवा आहे. हे आठवलं की अजून कान तापतात.

अठराव्या दिवशी एका रेल्वे पुलाच्या चढावर आम्ही गर्दीत अडकलो होतो. एक ऑटो डाव्या बाजूने घासून गेला. अण्णा उतरले आणि ऑटोवाल्याशी भांडायला पुढे गेले. तेवढ्यात पुढची रांग सरकली. मागचे हॉर्न वाजवायला लागले, पोलीस हातवारे करायला लागला. मागे बसलेल्या पाचांपैकी एकजण म्हणाला, "घ्या ना पुढे, तुम्हाला तर येतं." मलाही वाटलं, येतंच की. मी क्लच दाबायला गेले आणि तो दाबला जाईना. दगडावर पाय ठेवल्यासारखं झालं. सगळं अंग टाकून दाबला, सोडताना गुडघा लटपटला, गाडी आचका देऊन बंद पडली आणि मागे सरकायला लागली. हँडब्रेक ओढेपर्यंत मागच्या स्कूटरवाल्याने उडी टाकली होती आणि त्याच्या स्कूटरचा दिवा फुटला होता. त्याला खरचटलंही नाही, हे नशीब. तो खिडकीशी येऊन कन्नडमध्ये बायकांबद्दल जे बोलायचं ते बोलला. मागे बसलेले हसले. मला त्यांचा राग यायला हवा होता, पण माझं लक्ष दुसरीकडे गेलं होतं.

मी खाली बघत होते. माझ्या पायाखालच्या क्लचवरच्या रबराच्या रेघा नव्यासारख्या शाबूत होत्या. पलीकडे अण्णांच्या सीटपुढच्या क्लचवरचं रबर पार झिजून गेलं होतं आणि मधून लोखंड चकाकत होतं. ब्रेकचंही तेच. या बसमध्ये जो कुणी शिकला, त्याच्या वतीने गाडी कोण चालवत होतं, ते तिथे लिहिल्यासारखं होतं. दोन्ही क्लच आतून जोडलेले. अण्णांनी दाबला की माझा आपोआप खाली जायचा, आणि मला वाटायचं माझ्या पायात जोर आहे.

अण्णा आल्यावर मी विचारलं, "अण्णा, माझा क्लच कोण दाबत होतं?"

"तुम्हीच की अक्का. मी स्वल्प मदत करायचो."

"स्वल्प म्हणजे किती?"

ते आपल्या सीटवर येऊन बसले. मग म्हणाले, "फक्त तुम्हाला नाही, सगळ्यांनाच करतो. बायकांना जरा जास्ती, एवढंच. दर वेळी गाडी बंद पडायला लागली तर सहा जणांचा नंबर कधी लागायचा? क्लचची प्लेट जळली की मालक माझ्या नावाने ओरडतो. लायसन्स हातात आलं की रोडवर आपोआप येतं सगळ्यांना."

"आणि टेस्टला?"

"टेस्टला पण मी शेजारी बसतो. सेफ्टीसाठी. काळजी करू नका, आजवर माझा एकसुद्धा फेल नाही."

हे त्यांनी अभिमानाने सांगितलं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. बाई म्हणून मला एकटीला फसवलं असतं तर मी समजू शकले असते, त्या रागाची मला सवय आहे. पण सगळ्यांनाच? म्हणजे इतकी वर्षं हा माणूस स्वतःच्याच पायांना लायसन्सं मिळवून देत होता, आणि ती खिशात घालून लोक पाण्याचे टँकर, खडीचे ट्रक, कंपन्यांच्या बस घेऊन होसूर रोडवर सुटले होते. त्यातल्या किती जणांना ते रोडवर आपोआप आलं असेल, आणि येईपर्यंत मध्ये कोण आलं असेल?

दुसऱ्या दिवशी माझा नंबर आला तेव्हा मी सीटवर बसले आणि इंजिन चालू केलं नाही. म्हटलं, "पाय वर घ्या, अण्णा."

"म्हणजे?"

"मांडी घालून बसा. चपला काढा आणि मांडी घाला."

मागचे पाचजण फिदीफिदी हसले. अण्णा म्हणाले, अक्का, थट्टा पुरे. मी किल्ली काढून मांडीवर ठेवली. दहा मिनिटं आम्ही तसेच बसलो. शेवटी त्यांनी चपला काढल्या आणि त्या अरुंद सीटवर, पंगतीत पान वाढायची वाट बघत बसावं तसे, मांडी घालून बसले. त्या दिवशी माझी गाडी नऊ वेळा बंद पडली. मागच्यांना मी म्हटलं, तुम्हीही सांगा त्यांना पाय वर घ्यायला, शिकायला आलोय ना आपण? एकही तयार झाला नाही. त्यातला एकजण म्हणाला, "आम्हाला लायसन्स पाहिजे, अक्का. तुम्हाला काय पाहिजे?"

अण्णा मांडी घालून मात्र बसत राहिले. रोज कुरकुरत, पण बसत. "निधान, निधान," म्हणायचे, हळू सोडा, हळू. खरं शिकवायला लागल्यावर कळलं की त्यांना फार चांगलं शिकवता येत होतं. क्लच कुठे धरायला लागतो ते पायाने नाही, सीटखालच्या थरथरीने ओळखायचं, हे त्यांनीच सांगितलं. मग इतकी वर्षं हे कुणालाच का सांगितलं नाही, म्हणून मला आणखी राग आला. रात्री ते तेल मी गुपचूप लावायला लागले. नवऱ्याने पाहिलं आणि काही बोलला नाही, या वेळी ते बरं वाटलं.

टेस्टच्या दिवसापर्यंत मला बाकी सगळं जमत होतं, फक्त चढावरचा भरवसा नव्हता. मैदानात मातीचा एक चढ केलेला असतो. त्यावर गाडी थांबवायची आणि मागे न सरकू देता पुन्हा काढायची. इन्स्पेक्टर खाली उभे. माझ्या आधी आमच्यातले दोघे गेले आणि लोण्यासारखे पास झाले. त्या लोण्याची मला चांगली ओळख होती. मी चढून बसले तेव्हा अण्णा खालच्या आवाजात म्हणाले, "अक्का, आजच्या दिवस हट्ट सोडा. आज पाय खाली ठेवतो. शाळेची बस जाईल तुमची."

जाणार हे मलाही माहीत होतं. शाळा उघडायला आठवडा राहिला होता. दोन श्वास मी स्टिअरिंग धरून त्यांच्या पायांकडे बघितलं, आणि त्या दोन श्वासांत मला काय काय वाटलं ते मी नवऱ्यालाही सांगितलेलं नाही. मग म्हटलं, "वर घ्या."

चढावर गाडी हातभर मागे आली. इन्स्पेक्टरांनी फेल लिहिलं. काचेतून अण्णांना तसं बसलेलं बघून त्यांनी विचारलं, हे काय, पूजा आहे का आज? अण्णा मान खाली घालून म्हणाले, गुडघा दुखतोय सर.

पुढची तारीख मिळेपर्यंत शाळा उघडली होती. मी फोन केला तर मॅडम म्हणाल्या, थांबता आलं नाही हो, दुसरी बाई मिळेना, मग एकाला घेतलं, त्याचं लायसन्स तयार होतं. नाव ऐकलं. तो आमच्या सहा जणांतलाच, मला काय पाहिजे असं विचारणारा. मी त्यांना सगळं सांगितलं. त्याने एकदाही स्वतः क्लच दाबलेला नाही, त्याला महिनाभर तरी मुलांशिवाय चालवायला लावा म्हटलं. त्या अगदी गोड आवाजात म्हणाल्या, तुमची निराशा समजू शकते मी. फोन ठेवल्यावर मी स्वयंपाकघरात बसून रडले, आणि ते रडणं रागाचं होतं. माझी चाळीस मुलं त्याच्या मागे बसली होती.

दुसऱ्या टेस्टला मी पास झाले. अण्णा मांडी घालूनच होते. आता मी एका कंपनीच्या स्टाफची बस चालवते, बोम्मसंद्राच्या बाजूला. सासरचे अजून ट्रान्सपोर्टच म्हणतात.

परवा सकाळी होसूर रोडच्या सिग्नलला मी डाव्या रांगेत उभी होते. उजवीकडे येऊन थांबली ती आमच्या ट्रेनिंग स्कूलची बस. माझ्या खिडकीला लागून अण्णांची सीट. शर्टाला तशीच इस्त्री, आणि दोन्ही पाय क्लच-ब्रेकवर. पलीकडे स्टिअरिंगवर एक मुलगी, ओढणी कमरेला खोचलेली, चेहऱ्यावर तोच आनंद. क्लच हलका आहे असं तिने घरी सांगितलं असणार.

अण्णांनी मला पाहिलं. मी नुसती बघत राहिले. त्यांनी हळूच चपला काढल्या आणि पाय वर घेतले.

सिग्नल सुटला. मुलीची गाडी आचका देऊन बंद पडली. तिने दचकून अण्णांकडे पाहिलं. मी गेले की दुसऱ्या क्षणाला ते पाय खाली येणार, हे मला पक्कं माहीत होतं. म्हणून मी गेले नाही. हँडब्रेक ओढला आणि बघत राहिले. मागच्या गाड्यांनी बोंब ठोकली. माझ्या बसमधले एक साहेब पुढे येऊन म्हणाले, मॅडम, ग्रीन आहे, पंचिंगला उशीर होतोय. मी म्हटलं, बसा खाली.

पलीकडून अण्णांचा आवाज येत होता, निधान, निधान. गाडी दुसऱ्यांदा बंद पडली, तिसऱ्यांदा पडली. सिग्नल लाल होऊन पुन्हा हिरवा झाला. मुलीचा चेहरा घामाने थबथबला होता आणि तो आनंद कुठच्या कुठे गेला होता. पाचव्यांदा गाडी थरथरली, थोडी अडखळली आणि निघाली. अण्णांची मांडी मोडली नव्हती.

ती चौकाच्या पार गेल्यावर मी हँडब्रेक सोडला.