शेंबी मागे फिरवणारा भाऊ

मुंजाबाने वाळूजच्या एका कारखान्यात तीस वर्षं प्रेस चालवला. त्याआधी देवगाव रंगारीजवळ मेंढरं वळली. बजाजनगरच्या माळावर इमारती उठल्या, तरी त्याची काठी दारामागे उभीच राहिली. तिच्या एका टोकाला लोखंडाची शेंबी होती. त्यांच्या घरातला नेम असा, की शेंबी लांडग्यासाठी. आपल्या माणसावर काठी उचलायची वेळ आलीच, तर शेंबी आधी मागे फिरवायची.

शहरातला मिहिर काठीच्या लढायांचं नाटक बसवत होता. शेवटी दोन भाऊ लढतात. शिकवायला त्याने मुंजाबाला बोलावलं. मुंजाबा दोन दिवस नुसता बघत बसला. पोरं काठ्या गरागरा फिरवत होती.

“हे पंखे झाले,” तो म्हणाला. “भांडण कुठंय?”

“काका, टाळ्या वेगालाच पडतात.”

“भावाला मारताना हात जड होतो. आधी तो जड करा.”

महिनाभर त्याने एकच जागा घोटून घेतली. थोरला काठी उचलतो, थबकतो, शेंबी मागे फिरवतो. धाकटा ते बघतो आणि तरी शेंबीनेच मारतो.

“त्यानं बघितलं, हे मागच्या रांगेला कळलं पाहिजे.”

“मग सगळा दोष धाकट्यावर येतो की,” मिहिर म्हणाला.

“येऊ द्या.”

शहाऐंशीच्या दुष्काळात, विहिरीवर आधी कुणाची मेंढरं पाजायची यावरून, मुंजाबा थोरल्या भावाशी, पुंजारामशी, असाच लढला होता. पुंजारामचा डावा डोळा गेला. “दादानं शेंबी फिरवलेली मला दिसली नाय,” असं मुंजाबाने पंचांना सांगितलं. पंचांनी मानलं, पुंजारामने नाही. त्यानंतर मुंजाबाने गाव सोडलं. तीस वर्षं दोघांत बोलणं नव्हतं.

आता पुन्हा टँकरचे दिवस आले होते. मुंजाबाने नाटकाचा निरोप धाडला. पुंजाराम एसटीने आला, पहिल्या रांगेत बसला आणि मान वळवून उजव्या डोळ्याने सगळं बघत राहिला.

पडदा पडला, लोक गेले. पुंजाराम उठला नाही. मुंजाबा शेजारी येऊन बसला.

“म्हंजे तुला दिसलं व्हतं.”

“व्हय दादा. दिसलं व्हतं.”

पुंजारामने पडद्याकडे बोट केलं.

“त्या पोराचा हात हलका पडतो. तू लई जोरात मारली व्हती.”

“उद्याच्या खेळाला जड करून घेतो.”

“घे. मी बघूनच जातो.”