कॅन्टीनमधलं भाषांतर

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही — नवऱ्याला नाही, बहिणीला नाही, आणि ज्यांना सांगायला हवं होतं त्या बाबांना तर नाहीच. मग तुम्हालाच का सांगतेय? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल. भित्र्या माणसाला अनोळखी कानच बरे वाटतात.

आम्ही दौलतगंजातले मराठी. पिढ्यान् पिढ्या ग्वाल्हेरात. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर हिंदी. आणि घरातली मराठीसुद्धा अशी की "भाजी जळून राहिली आहे" म्हटलं तरी कुणाला खटकत नाही. बाबांना मात्र महाराष्ट्रातलं कुणी भेटलं की कोण आनंद व्हायचा. वनिताचे वडील त्यांना बाड्याच्या चौकात भेटले — हातात प्रवेशाचे कागद, बरोबर मुलगी, आणि हॉस्टेल कुठे ते ठाऊक नाही. वाशीमकडचं खेडं. प्रवेशाच्या यादीत तिचा नंबर थेट इथल्या कॉलेजात लागलेला. गावातून शिकायला बाहेर पडलेली ती पहिलीच मुलगी. बाबांनी दोघांना घरी जेवायला आणलं. निघताना ते गृहस्थ म्हणाले, "पोरीले तुमच्या भरवशावर ठेवून चाल्लो, भाऊ."

"काळजीच सोडा," बाबा म्हणाले. "आमची मेघना तिच्याच वर्गात आहे."

मेघना, म्हणजे मी. मी मान डोलावली.

पहिले महिने माझेही वाईट गेले. सबब म्हणून सांगत नाही — तसं झालं, एवढंच. शाळेतल्या मैत्रिणी पांगल्या होत्या. वर्गात शिवांगी आणि तिच्या चौघी मैत्रिणींचा घोळका होता. कॅन्टीनमधलं खिडकीजवळचं टेबल त्यांचं. मला त्या टेबलाशी बसायचं होतं. अठरा वर्षांच्या मुलीची महत्त्वाकांक्षा केवढी असावी? एका प्लास्टिकच्या खुर्चीएवढी. मी जवळून जाताना हसायचे, त्या हसायच्या, आणि पुन्हा आपल्या बोलण्यात गुंतायच्या. माझ्या बाजूला वनिता — चप्प तेल लावलेली वेणी, मोडकी हिंदी. हिच्यामुळेच आपल्याला तिथे जागा नाही, असं मी ठरवून टाकलं होतं.

आणि तिला माझ्याशिवाय होतं कोण? दुपारच्या सुट्टीत ती कॅन्टीनबाहेरच्या कट्ट्यावर बसून घरी फोन लावायची. मोकळेपणी, मोठ्या आवाजात. इतरांना कळणार नव्हतं. मला कळायचं — पण माझ्यापासून तिने काय म्हणून लपवावं? "तू हायेस म्हणून बरं हाये वं," असं ती मला म्हणायची.

एक दिवस शिवांगीने हाक मारली. "ए मेघना, इधर आ ना। ये रोज़ फ़ोन पे रोती क्यों है? बोलती क्या है?"

थांबते जरा. मनातल्या मनात सांगतानाही मी इथे येऊन थांबते.

घरची आठवण येते तिला, एवढं म्हणून सुटता आलं असतं. खोटंही नव्हतं. पण शिवांगीने बाजूची खुर्ची ओढली होती. मी बसले — आणि सांगितलं. चंद्री म्हणजे तिची शेळी. हिने बाटलीने दूध पाजून वाढवलेली. ही आईला म्हणते, "माय, चंद्रीच्या तोंडाजवळ धर न फोन," आणि पलीकडून चंद्री ओरडली की ही रडते. मी नुसतं सांगितलं नाही, करून दाखवलं. तिचे हेल, तिचं नाक ओढणं, शेळीचं बेंबें. टेबल हसून हसून आडवं झालं. कित्येक दिवसांत मला इतकं छान वाटलं नव्हतं. आता ते तरी कशाला लपवू?

मग ते रोजचंच झालं. मी कट्ट्यावर तिच्या शेजारी बसून कान देऊन ऐकायचे आणि आत जाऊन हिंदीत वाढायचे. मेसची पोळी तिच्या घशाखाली उतरत नाही. आईची जुनी साडी उशाशी घेतल्याशिवाय तिला झोप येत नाही. सेमिनारची इतकी धास्ती आहे की पोटात कळ येते. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात. पण दांडा बिचारा लाकडाचा असतो, त्याला काही कळत नसतं. मला सगळं कळत होतं.

सेमिनार म्हणजे प्रत्येकाने वर्गासमोर पाच मिनिटं बोलायचं. वनिता उभी राहिली. पहिलं वाक्य चांगलं आलं तिला — अगदी चांगलं. मग मागच्या बाकावरून कुणीतरी "मेंऽऽ" केलं. मग दुसरीकडून. सर ओरडले, पण त्यांना कशाचाच पत्ता नव्हता. वनिताला होता. अख्ख्या वर्गात चंद्री एकाच मुलीला ठाऊक होती. तिने माझ्याकडे पाहिलं. मी वहीत काहीतरी लिहीत होते. काय लिहीत होते? काही नाही. रेघा ओढत होते.

त्या दिवसानंतर ती वर्गात आली नाही. आठवड्याभरात वडील तिला न्यायला आले.

जाण्याआधी दोघं आमच्याकडे जेवले. बाबा हळहळत होते, "अहो, वर्ष तरी पुरं करू द्या. झालं तरी काय?" मी वाढत होते, आणि आता सांगेल, आता सांगेल म्हणून माझा जीव अर्धा झाला होता. ती म्हणाली, "काही नाही काका. मलेच नाही जमलं."

"हो ना बाबा," मी लगेच जोडलं, "तिला इथलं हवापाणीच मानवलं नाही."

"आता पाहतो एखादं स्थळ," तिचे वडील ताटाकडे बघत म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "तू खूप सांभाळलं हिले, बाई." मी नाही म्हटलं नाही. त्यांच्या पानात भात वाढला.

निघताना आईने तिच्या हातात नारळ ठेवला. ती आईच्या पाया पडली, "येते काकू." बाबांच्या पाया पडली, "येते काका." मग दारात माझ्यासमोर उभी राहिली. माझ्याशी ती कधी मराठीशिवाय बोलली नव्हती. त्या दिवशी एकेक शब्द जपून म्हणाली, "अच्छा मेघना, मैं चलती हूँ।"

बाबांना भारी कौतुक वाटलं. "बघा, हिंदी किती छान शिकली पोर!" म्हणत ते हसले.

त्यांच्याबरोबर मीही हसले.