कवी कुठं बसायचे

बारामतीत जुन्या कवीचं घर बघायला येणाऱ्यांना एक रिक्षावाला आपल्या रिक्षातून फिरवतो. मी निवृत्त मराठी शिक्षिका. पाहुण्यांना माहिती सांगायला सोबत जाते, पण त्याच्यापुढं माझं काही चालत नाही. मधेच "आता ऐका" म्हणत तो रिक्षा थांबवतो आणि कवी कुठल्या झाडाखाली लिहायचे ते दाखवतो. झाड दर खेपेला वेगळं असतं. पाहुणे फोटो काढतात, मी मनात चडफडते.

परवा नागपूरहून एक आजी आल्या. दृष्टी गेलेली, पण वडिलांनी शिकवलेल्या याच कवीच्या कविता अजून पाठ. कऱ्हा नदीच्या घाटावर उतरताच त्यांनी त्याला विचारलं, "कवी नेमके कुठे बसायचे? मला त्या जागेला हात लावायचाय."

आता हा त्यांनाही कुठलं तरी झाड दाखवणार, असं मला वाटलं. पण तो म्हणाला,

"आजी, खरं सांगू? कुणालाच ठाव न्हाय. पर ही कऱ्हा तवाबी हितनंच वाहत हुती."

हाताला धरून त्यानं त्यांना पायऱ्या उतरवल्या. आजींनी पाण्यात हात बुडवला आणि हलक्या आवाजात कविता म्हणायला लागल्या. माझा जीव भांड्यात पडला. तो त्यांच्या चपला हातात घेऊन ऐकत उभा होता.