खुर्चीतली नऊवारी

आपल्याला नऊवारी नेसता येणार नाही, हे मी चाळिशीपर्यंत धरूनच चालले होते. लहानपणी पोलिओने दोन्ही पाय गेले, तेव्हापासून मी चाकाच्या खुर्चीत. वडील रेल्वेत, बदली होऊन चेन्नईला आले आणि आम्ही इथलेच झालो. आईने मला कायम पायघोळ झगे शिवले. पाहुणे आले की आधी माझ्या पायांवर काहीतरी पांघरलं जायचं, मग चहा. तिचा माझ्यावर फार जीव, पण पायांचा विषय घरात निघत नसे.

मी फोटो काढते, प्रदर्शनं भरवते. गेल्या वर्षी डोक्यात आलं, नऊवारी नेसून स्वतःचाच फोटो काढायचा, माणसाएवढा मोठा. सासर तंजावरी मराठी, सासूबाई रोज नऊवारीच नेसतात. त्यांना भीत भीत विचारलं. त्यांनी कारण विचारलं नाही, की डोळ्यांत पाणी आणलं नाही. "सेरी," म्हणाल्या, म्हणजे बरं. "आधी साडी आणू. माझी नको तुज, विटलीय."

टी. नगरला दुकानदार माझ्या डोक्यावरून त्यांनाच विचारत होता, यांना कुठला रंग आवडतो? माझं टाळकंच सरकलं. मी तमिळमध्ये त्याला चांगलं सुनावलं. सासूबाई शांतपणे पदराचा काठ निरखत होत्या.

घरी त्यांनी मला पलंगावर आडवं केलं, कुशीवर वळवून कासोटा मागे खोचला आणि मग खुर्चीत बसवून निऱ्या घातल्या. दोनतीनदा सगळं सुटलं. "नीट आवळू दे, नाहीतर चाकात जाईल," असं दटावत त्या घामाघूम, आणि मी हसून हसून बेजार. एवढ्या हौसेने मला कुणी नटवलं नव्हतं. त्या सकाळचे उपकार मी कधी विसरायची नाही.

फोटोत पाय उघडे दिसत होते. काटकुळ्या पोटऱ्या, वाकडी अनवाणी पावलं. मी तो तसाच नुंगंबाक्कमच्या गॅलरीत लावला. गॅलरीवाल्यांनी खाली जिद्दीची कहाणी वगैरे लिहिलं होतं, ते आल्या आल्या काढायला लावलं. असल्या बाबतीत मी कुणाला ऐकत नाही. पण संध्याकाळी आई येणार होती, आणि तिच्या विचारानेच माझं अवसान गळालं. जन्मभर तिने जे झाकलं, ते मी भिंतीवर टांगलं होतं. ती दुखावली असती तर मी फोटो उतरवला असता.

आई आली, फोटोसमोर थबकली. "अगं, पाय तरी झाकायचेस," हळूच म्हणाली.

"कासोटा घातला की पाय दिसतातच, विहीणबाई," माझ्या खुर्चीमागे उभ्या सासूबाई म्हणाल्या. "माझे नाही दिसत?"

आईने त्यांच्या पायांकडे पाहिलं, मग पुन्हा फोटोकडे. बराच वेळ. मला वाटलं, आता ही रडणार. तिने एका पायातली चप्पल काढली, पाऊल फोटोजवळ नेलं आणि म्हणाली, "बोटं माझ्यावर गेलीत गं तुझी."