दस्तगीर मिस्त्रींची बोटं

गाडी दारात आली की दस्तगीर मिस्त्री बोनेट उघडत नसत. ते चालकाला बाकावर बसवत आणि विचारत, "शेवटचा हात कुणाचा लागला हिला?" उत्तर मिळेपर्यंत पान्याला हात लावायचा नाही, हा उद्यमनगरातल्या त्यांच्या गॅरेजचा नियम होता. "गाडी आपसूक बिघडत न्हाय, पावणं. चांगल्या चाललेल्या गाडीला कुणीतरी हात लावतंय, मग ती माझ्याकडं येतीया."

आमच्या वृत्तपत्राची जीप त्यांच्याकडे दुरुस्तीला असे. सत्तरच्या दशकात तिच्या निमित्ताने मी त्या बाकावर बऱ्याच दुपारी काढल्या. एकदा हातकणंगल्याहून उसाचा ट्रक आला. कुणाचाच हात लागला नाही, असं चालकाचं म्हणणं. मिस्त्रींनी त्याला चहा पाजला. मग दुसरा पाजला. तिसरा मागवल्यावर तो खाली बघत म्हणाला, "मेव्हण्यानं जरा कार्बोरेटर उघडला हुता."

"मेव्हणा काय करतोय?"

"तालमीत असतोय."

"मग त्याला तिथंच ऱ्हाऊ दे," मिस्त्री म्हणाले आणि उठले.

जुना भाग काढला की ती जागा, खाली चिकटलेलं जुनं पॅकिंग निघेपर्यंत, ते खरवडून घेत आणि डोळे मिटून तिच्यावरून उजव्या हाताचं बोट फिरवत. केसाएवढा उंचवटा त्यांना कळे. डोळ्यांपेक्षा बोटावर त्यांचा विश्वास जास्त. मूलबाळ नव्हतं. ते आणि त्यांची बायको हाजराबी, दोघांचं पोट त्या बोटांवर चालत होतं.

एक डॉक्टरीणबाई दर शुक्रवारी राधानगरीकडच्या वाड्यांवर गरोदर बायका तपासायला जात. त्यांच्या जुन्या मोटारीला मिस्त्रींनी नवा कार्बोरेटर बसवला. पुढच्या सोमवारी मोटार परत आली. रेस सोडली की इंजिन थरथरायचं, मिसिंग करायचं आणि बंद पडायचं. शुक्रवारी चढणीवर ती दोनदा बंद पडली होती, आणि मागच्या सीटवर अडलेली बाई होती. मूल गाडीतच जन्मलं. दोघं जगली, एवढंच डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. कशी जगली, ते सांगितलं नाही.

मिस्त्रींनी प्लग बदलले. पॉइंट बदलले, कंडेन्सर बदलला. दुसऱ्या दिवशी पेट्रोल पंप उघडला, टॅपेट लावले. इंजिन तसंच. "बोल की गं! काय दुखतंय तुला?" ते बोनेटमध्ये डोकं घालून ओरडले. त्यांच्या अंगठ्यावर भाजल्याचा मोठा फोड होता. कधी भाजलं, असं मी विचारलं. त्यांनी अंगठ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "कुणास ठावं."

हाजराबींनी आणलेला डबा दोन्ही दिवस तसाच परत गेला. तिसऱ्या दिवशी त्या डबा घेऊन दारातच उभ्या राहिल्या.

"ही गाडी माझ्याकडनं दुरुस्त झाली न्हाय तर पाना सोडला म्यां," मिस्त्री म्हणाले.

"आनि खायचं काय?"

ते परत बोनेटमध्ये वाकले. त्यांना दुसरं काहीच येत नव्हतं.

तीन दिवसांत त्यांनी आपला नेहमीचा प्रश्न एकदाही विचारला नव्हता. मीही विचारला नाही. प्रश्न विचारणं हाच माझा धंदा होता, तरीही. दुपारी डॉक्टरीणबाई आल्या, बाकावर बसल्या आणि म्हणाल्या, "मिस्त्री, शेवटचा हात कुणाचा लागला हिला?"

मिस्त्रींनी फडक्याला हात पुसले. बराच वेळ पुसले.

"माझा."

त्यांनी नवा कार्बोरेटर काढला, त्याखालचं पॅकिंग उचललं, डोळे मिटले आणि बसवण्याच्या जागेवरून बोट फिरवलं. "साफ हाय, बाई. आरशागत."

बाई पुढे वाकल्या. "बोट हलवू नका. खाली काय लागतंय?"

"लोखंड."

बोटाखाली जुन्या पॅकिंगचा नखाएवढा तुकडा चिकटलेला होता. त्याच्यामुळे नवं पॅकिंग नीट दबलं नव्हतं आणि फटीतून इंजिनात हवा शिरत होती. बाईंनी तो दाखवला नाही. पदराची पिन काढली, मिस्त्रींचा हात हातात घेतला. "डोळे मिटलेलेच राहू द्या. टोचलं की सांगा."

थोडा वेळ गेला. "टोचा की," मिस्त्री म्हणाले.

"टोचली, मिस्त्री. तीनदा."

त्यांनी डोळे उघडले. बोटाच्या टोकावर रक्त होतं. ते त्यांनी फडक्याला पुसलं आणि माझ्याकडे वळले. "पेपरवालं, तुमचं बोट फिरवा."

मी फिरवलं. तुकडा सहज लागला. त्यांनी खरवडलं.

"आता?"

"अजून आहे."

"आता?"

"अजून थोडं."

"नीट बघा, घाई करू नका. आता?"

"आता साफ आहे."

त्यांनी नवं पॅकिंग घातलं, कार्बोरेटर बसवून नट आवळले. मोटार सुरू झाली. रेस सोडली तरी इंजिन एका लयीत चालत राहिलं. "झाली की वो!" हाजराबी म्हणाल्या. मिस्त्री इंजिनाकडे पाहत नव्हते. बाईंनी हाजराबींना बाजूला नेलं. साखर असणार, उद्या तपासायला घेऊन या, त्या म्हणाल्या. गोळ्यांनी साखर खाली येईल. बोटांना पुन्हा कळू लागेल का, ते मात्र सांगता येत नाही.

दुसऱ्या दिवशी गॅरेज उघडलं नाही. त्यानंतरही नाही.

महिन्याभराने मी त्यांच्या घरी गेलो. जीपसाठी कुणी नवा मिस्त्री सांगाल का, असं विचारायचं होतं, ते विचारवलं नाही. हाजराबींनी आम्हा दोघांपुढे चहाचे पेले ठेवले. मिस्त्रींनी आपला पेला मुठीत धरला आणि तोंडाकडे नेता नेता थांबले.

"गरम हाय का गं?"

हाजराबींनी पेल्याला बोट लावलं आणि लगेच मागे घेतलं. मग त्यांची मूठ हळूच सोडवून पेला खाली ठेवला. "थांबा जरा," त्या म्हणाल्या. "सांगते मी."