मेजरांच्या मोटरसायकलची मागची सीट

मेजर कधीही कुठल्याही सैन्यात नव्हते. पाणीखात्यात घरोघरचे मीटर तपासत ते निवृत्त झाले आणि लढाई म्हणून त्यांनी जी काही पाहिली ती सार्वजनिक नळावरची. पण त्यांच्या वडिलांनी कधीकाळी लष्कराच्या भंगारातून युद्धातली एक मोटरसायकल उचलून आणली होती. ती वारशाने मुलाकडे आली आणि तिच्यापायी गल्लीने त्यांना हे पद बहाल केलं. मग त्यांच्या बायकोला कर्नल केलं, कारण घरात हुकूम कोणाचा चालतो हे गल्लीला चांगलं ठाऊक होतं.

लग्न ठरलं तेव्हा मेजरांनी गाडीच्या मागच्या मडगार्डावर एक कातडी सीट बसवून घेतली. तिच्यावर बसून कर्नलबाई सासरी आल्या, बाजारहाट करून आल्या, दवाखान्यातून तान्ही लेक मांडीवर घेऊन आल्या. पुढे एके दिवशी भर चौकात इंजिनाने मान टाकली. गाडी घराच्या मागच्या खोलीत गेली, तिच्यावर पोती पडली, पोत्यांवर रद्दी चढली. लेक मोठी होऊन सासरी गेली तरी गाडी तिथेच. निवृत्तीनंतर घरात बसून मेजर नळाच्या थेंबांवर नजर ठेवायला लागले, तेव्हा कर्नलबाईच म्हणाल्या, "अहो, त्यापेक्षा ती गाडी तरी काढा."

हे वाक्य त्यांना भलतंच महाग पडलं. एकदा त्या बर्फ काढायला गेल्या तर फ्रीजरमध्ये एक बेअरिंग कुडकुडत बसलेलं. ते आकसलं की इंजिनाच्या तापवलेल्या कवचात अलगद उतरतं, असं मेजरांनी समजावलं. कवच कशात तापतंय हे बाईंनी विचारलं नाही, कारण ओव्हनमधून वास यायला लागलाच होता. जेवणाच्या टेबलावरच्या, गरम भांड्यांखाली ठेवायच्या बुचाच्या चकत्या एकेक करून गायब झाल्या आणि तेल गळू नये म्हणून इंजिनाच्या सांध्यांत जाऊन बसल्या. लष्करी हिरवा रंग नेमका कुठला, हे ठरवताना न्हाणीघराच्या दाराला इतके हिरवे पट्टे पडले की पाहुणे दार लोटायला बिचकायचे.

हे सगळं कर्नलबाईंनी सोसलं. त्यांची अट एकच होती. "चालू झाली की पहिल्या फेरीला मी मागे बसणार. पुलापर्यंत जायचं आणि परत यायचं."

"हो हो," मेजर म्हणाले. त्यांचं डोकं तेव्हा टाकीखाली होतं. टाकीखाली डोकं असताना ते कशालाही हो म्हणत.

मग मेजर जुन्या गाड्यांच्या मंडळाचे सभासद झाले आणि बिनसलं. या मंडळात सगळे एकाच शब्दाने झपाटलेले: मूळ स्थिती. गाडी कारखान्यातून जशी निघाली, अगदी तशी. दरवर्षी प्रदर्शन भरायचं आणि अशा गाडीला पितळी ढाल मिळायची. ज्याने जन्मभर लोकांचे मीटर कोणी फिरवले तर नाहीत ना हेच पाहिलं, त्याला हा शब्द चावला तर नवल नाही. मेजरांनी दिव्याला पुन्हा काळी टोपी चढवली, तिच्यात नखाएवढी फट, शत्रूच्या विमानाला उजेड दिसू नये म्हणून. आता शत्रू म्हणून वर फार तर कबुतरं असायची. त्यांचा मेहुणा लेथवर काम करायचा. त्याच्याकडून त्यांनी एकेक बोल्ट जुन्या मापाचा करवून घेतला. आणि एके दिवशी त्याच्याच हातून मागची सीट उतरवली, तिच्या बोल्टांची भोकं वेल्डिंगने बुजवली, घासून गुळगुळीत केली आणि वर असा रंग दिला की तिथे कधी भोक होतं यावर कोणी पैज मारली नसती.

काढलेली सीट मेजरांनी एका पत्र्याच्या डब्यावर ठेवली आणि तिच्यावर बसून पुढचं काम केलं. ओल्या रंगावर धूळ नको म्हणून खोलीत कोणालाच प्रवेश नव्हता, कर्नललासुद्धा.

गाडी चालू झाली त्या सकाळी आवाजाने गल्लीतली कुत्री पळाली. मेजरांनी ती अंगणात आणली. कर्नलबाई ठेवणीतले कपडे घालून, पर्स काखेला मारून, हसत बाहेर आल्या. एक प्रदक्षिणा घालून त्या गाडीच्या मागे उभ्या राहिल्या.

"मी कुठे बसू?"

मेजरांनी इंजिन बंद केलं. ते तसंच चालू ठेवलं असतं तर पुढचं कोणाला ऐकू गेलं नसतं. "अगं, त्याचं काय आहे, मूळ गाडीला मागची सीटच नव्हती. तिथे वायरलेसचा संच बांधायचे."

"म्हणजे माझ्या जागी रेडिओ."

"तुझी जागा नंतरची गं. कारखान्याची नव्हे."

मेहुणा तिथेच उभा होता. त्याने डोळे मिटून घेतले. कर्नलबाई आत गेल्या आणि कपडे बदलून आल्या.

दुसऱ्या दिवशी मेजर उठले तर स्वयंपाकघर थंडगार. बाई अंथरुणातच.

"अगं, चहा?"

"चहा नंतर बसवलेला आहे."

"म्हणजे?"

"माहेरून निघाले तेव्हा मला चहा येत नव्हता. तुमच्या आईने शिकवला. मूळ स्थितीत चहा नाही."

मूळ स्थितीत मग बरंच काही नव्हतं. पहाटे उठणं नव्हतं. मेजरांच्या रक्तदाबाच्या गोळ्यांची आठवण नव्हती. चष्मा शोधून देणं तर मुळीच नव्हतं, आणि मेजरांचा चष्मा रोज हरवायचा. जे मूळचं होतं ते मात्र झपाट्याने परत आलं. बाई उशिरापर्यंत लोळायच्या, जिन्यात शिट्टी वाजवायच्या आणि शेजारणीची सायकल घेऊन चौकापर्यंत जाऊन यायच्या. गल्ली खूश होती. लेकीने फोनवर सगळं ऐकून घेतलं आणि आईचं अभिनंदन केलं.

मेजर बिनचष्म्याचे, भिंतीला चाचपडत मेहुण्याच्या लेथवर पोचले. "काय रे, तुझी ताई लहानपणी कशी होती?"

"भाऊजी, मूळ स्थितीतली ताई तुम्हाला झेपणार नाही," मेहुणा म्हणाला. "आम्ही सगळे घाबरून होतो."

मेजर घरी येऊन मागच्या खोलीत डब्यावरच्या सीटवर बसले. नीट बसता येईना. इतके दिवस कामाच्या नादात लक्षात आलं नव्हतं, पण त्या कातड्याला एक खळगा पडला होता आणि तो काही त्यांच्या बैठकीचा नव्हता. ते किंचित तिरके बसले, जशा कर्नलबाई बसायच्या, आणि सीट बरोबर जुळली. मेजरांना स्वतःची लाज वाटली. ज्या माणसासाठी ही सीट केली, त्याला न विचारता त्यांनी ती काढली होती आणि वर ढुंगणाखाली घेतली होती. बाई रागावल्या याचं त्यांना भय होतंच, पण त्या ठेवणीतले कपडे बदलायला आत गेल्या होत्या, ते त्यांना आता फार लागलं.

ते ड्रिल मागायला परत लेथवर गेले, तेव्हा मेहुणा ओरडलाच. "भाऊजी, वेड लागलंय का? उद्या परीक्षण आहे! तो रंग बघा, आरशासारखा आहे."

"तू फक्त चल आणि गाडी धर."

ड्रिल पहिल्यांदा घसरलं आणि हिरव्या रंगावर एक लांब ओरखडा गेला. मेजरांच्या तोंडून हाय निघाली. मग दोन्ही भोकं पडली, सीट बसली, आणि पाठोपाठ हातोडीचे घाव ऐकू आले.

सकाळी कर्नलबाईंनी सीट पाहिली, ओरखडाही पाहिला. ठेवणीतले कपडे घातले आणि मागे बसल्या. पण तेवढ्यावर चहा झाला नाही आणि चष्माही सापडला नाही. इतक्या स्वस्तात तह करणाऱ्यातल्या त्या नव्हत्या. मेजरांनी डोळे बारीक करून, सायकलवाल्यांना पुढे जाऊ देत, गाडी प्रदर्शनाच्या मैदानात नेली.

परीक्षक गाडीभोवती वाकून वाकून फिरले. दिव्याची टोपी बघून हरखले, टाकीशेजारचा गिअरचा दांडा कुरवाळला, बोल्टाची मापं घेतली. मागे येऊन मात्र थबकले. "अरेरे. ही सीट नंतरची आहे."

"हो," मेजर म्हणाले.

"बाकी गाडी निर्दोष आहे हो! ओरखड्याचं सोडा, ते मी चालवून घेतो. एवढी सीट उतरवा, ढाल तुमची. पाना देऊ का?"

मेजरांची नजर टेबलावरच्या ढालीकडे गेली. ढाल चकचकत होती, तेवढं बिनचष्म्यानेही दिसत होतं. कर्नलबाईंनी त्यांचा चेहरा पाहिला. त्यांनी ओव्हन, बुचाच्या चकत्या, न्हाणीघराचं दार सगळं पाहिलं होतं, आणि हा माणूस त्या ढालीसाठी किती राबला तेही. त्या हळूच खाली उतरल्या. "काढा अहो. मी बसते तिकडे खुर्चीवर. परीक्षण झालं की पुन्हा लावा."

"निघणार नाही," मेजर म्हणाले.

"का? दोनच तर बोल्ट आहेत," परीक्षक खाली वाकले.

"बोल्टांची टोकं ठोकून चपटी केलीत. पान्याने फिरत नाहीत. आता सीट काढायची तर मडगार्ड कापावं लागेल."

"असं कोण करतं?" परीक्षक कळवळले. "कशासाठी?"

"मी स्वतःला ओळखतो, साहेब," मेजर म्हणाले. "इथे आल्यावर ढाल बघून मी पाना मागितला असता."

परीक्षकांनी मान हलवली आणि पुढच्या गाडीकडे गेले. मेजरांनी नाक ओढलं आणि किक मारायला पाय उचलला. कर्नलबाईंनी त्यांना थांबवलं. पर्स उघडून त्यांनी आतून चष्मा काढला, पदराने काचा पुसल्या आणि मेजरांच्या नाकावर नीट बसवला. मग मागे चढून, जरा तिरक्या, आपल्या खळग्यात बसल्या.

"नीट बघून चालवा," त्या म्हणाल्या. "मागे वायरलेस नाही, माणूस आहे."