साहेबाचं पिंप
ओल्या लाकडाचा वास आला की मला भिवपुरीच्या साहेबाचं लाकडी पिंप आठवतं. त्यात तो घरीच बिअर करायचा आणि पिंप धुवायचं काम सासूबाईंकडे. साहेब मुंबईला गेलेला, त्या तापानं पडलेल्या, म्हणून मी नवी सून गेले आणि ताडीच्या मडक्यासारखं ते धुऊन दोन दिवस उन्हात पालथं घातलं. तिसऱ्या सकाळी बघते तर सुकून आकसलेल्या फळ्यांत नख शिरेल एवढ्या फटी! सासूबाई तापातच धावत आल्या. "अगं, मडकं हाय का ते? आता साहेब काय चाळणीतून पिनार? वत पानी, फळ्या फुगून फटी मिटू देत, सांजच्या गाडीनं येतोय, माजं काम जाईल!" मी घागरीमागून घागर ओतत होते, खालून गळतच होतं. गाडीची शिट्टी झाली, साहेब फाटकाशी आला, तेव्हा कुठं थेंब थांबला. अजूनही भांडं भरलं की मी आधी बुडाखाली हात फिरवते.